पारा नव्हे

समीक्षाचं बोट लागलं आणि ॲल्युमिनियमच्या डब्याची कड ओल्या बिस्किटासारखी गळून पडली.

"हे कोणी केलं?"

मानपाड्याच्या त्या गाळ्यात स्टोअर सांभाळणारे जगनकाका पुढे आले. "मी, मॅडम. बाटली काचेची. फुटली असती तर? पारा विषारी असतो ना. म्हणून काल माझ्या जेवणाच्या डब्यात ओतलेला."

"पारा नाही तो!"

पुन्हा.

"पारा. नाही. तो."

तो गॅलियमचा मिश्रधातू. टेबलावर पाण्यासारखा पातळ राहणारा, आणि ॲल्युमिनियम भेटलं की त्याच्या अंगात शिरून भुगा करणारा. दोन वर्षं समीक्षा त्याचा अँटेना बनवत होती. रबराची चादर, तीत वीस बारीक नळ्या. सिरिंजने धातू आत ढकलला की समोरून येणारी रेडिओलहर बाजूला फेकली जाते. ओढून घेतला की सरळ आरपार. आज तीन वाजता तो विकत घेऊ पाहणाऱ्या ठाण्याच्या कंपनीची माणसं बघायला येणार होती. पसंत पडलं नाही तर हे काम बंद, असं मालक ऋतुराज यांनी सोमवारीच सांगितलेलं.

ते केबिनमधून हसत आले. "मॅडमचा पारा चढला वाटतं!"

समीक्षा काकांकडे वळली.

"काका, बाटलीवर नाव होतं ना?"

"इंग्रजीत होतं. मी स्टोअरची वही बघितली."

वही आली.

*४१. पारा. १ बाटली.*

अक्षर तिचंच.

गॅलियम लिहिलं असतं तर काकांनी दहा प्रश्न विचारले असते. त्यांना काय कळणार, असं वाटलेलं तिला. हो, असंच वाटलेलं.

राग गेला नाही. तो काढायला समोर कोणी उरलं नाही, एवढंच.

"डबा आमच्या हिच्या माहेरचा," काका पुटपुटले. "आता घरी काय सांगू?"

डब्यातला धातू भुग्यात मिसळून वाया गेलेला. जुन्या सिरिंजांच्या तळाशी थोडा निघाला. सात नळ्या भरल्या.

तीन वाजता तिने सिरिंज दाबली. इतकी, की अंगठा पांढरा पडला. आरपार जाणाऱ्या लहरीची पडद्यावरची रेघ घसरली. थोडीशी. सात नळ्यांपुरती.

"बाकीच्या तेरा रिकाम्या का?" ठाण्याच्या बाईंनी विचारलं.

ऋतुराज तिच्या कानाशी लागले. "स्टोअरकीपरची चूक म्हण. मोकळी हो."

समीक्षाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरकले.

"मी वहीत खोटं नाव लिहिलं," ती म्हणाली. आवाज अजून तापलेलाच. "म्हणून रिकाम्या. सात नळ्यांचं माप घ्या. आणि काका, तो डबा आणा इकडे. हा धातू काय खातो, ते यांनाही बघू दे."