भागीला हाक मारायची तर

मी एक सागाची फळी बोलतेय. इथं कानडी मुलखात, लष्कर मोहल्ल्यातल्या विठ्ठलराव शिंप्यांच्या दुकानाच्या माळ्यावर जमीन होऊन पसरलेय. वय चाळिशीच्या पुढचं, त्यामुळे मधे जरा वाकलेय आणि कुणी पाय ठेवला की कुरकुरते. स्वभावच तसा, काय करणार!

माझं माहेर यल्लापूरचं जंगल. भागीचंही तेच. ती सिद्दी. तिचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. रंग काळा कुळकुळीत, केस दाट कुरळे. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती माझ्यावर बसून काज-बटणं करायची, नवरा पुट्टा मंडी मोहल्ल्यात पोती उचलायचा.

तिला हाक मारायची म्हणजे माझ्यावर पाय आपटायचा. मी थरथरले की ती वळायची. पुट्टाचं जड पाऊल, लेक वसंता हिचं नाचरं पाऊल तिला बसल्या जागी कळायचं. लोकांना वाटायचं, अंदाजानं ओळखते. अहो, मग मी कशाला होते?

एकदा दसऱ्याच्या आधी एक गिऱ्हाईक कोट घ्यायला वर आलं. "कुठल्या देशाची हो ही?" म्हणत त्यानं सरळ तिच्या केसांत बोटं घातली. भागीनं कात्री उचलली. मला वाटलं, गेली याची बोटं! पण तिनं त्याच्या नव्या कोटाची बटणं एकेक करून कापली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. विठ्ठलरावांनी दाणकन पाय आपटला. ती वळली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि दुसरा कोट मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांनी तिच्यापुढं पडदा लावला. म्हणे, गिऱ्हाइकं बिचकतात. संध्याकाळी पडदा गायब, आणि वसंताच्या अंगावर नवं परकर-पोलकं! पुन्हा पडदा लावायची छाती कुणाला झाली नाही.

पुट्टा आधीच गेला. गेल्या वर्षी भागीही गेली. माळ्यावरच सगळे जमले. विठ्ठलराव आता पार थकलेत. डोळे पुसत म्हणाले, "बिचारी मुकी. कधी कुणाला त्रास दिला नाही. चला, दोन मिनिटं शांत उभं राहू."

"अल्ल, नाही काका, बिचारी कोण?" वसंता उसळली. "तुमचा पडदा कुणी कापला? दिला की त्रास, चांगला दिला! तेवढं तरी तिच्या नावावर राहू द्या. आणि शांतता आईनं जन्मभर पाळली. पुरे झाली."

"मग काय करायचं म्हणतेस, बाळ?"

"हाक मारा तिला."

विठ्ठलरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली, वसंताचा खांदा धरला आणि पाय आपटला. मग वसंतानं. मग सगळ्या कारागिरांनी. खालचा भांडीवाला वेंकटेश "येनायितु? काय झालं? काय पडलं?" करत धावत वर आला आणि कळल्यावर त्यानंही पाय आपटून घेतला. माझ्या वयाचा विचार कुणालाच नाही! मी मधोमध तडकले.

सुतार बघून गेला. "बदला ही," म्हणाला. वसंतानं त्यालाच जिना दाखवला. आता माझ्यावर ती बसते, काज-बटणं घेऊन.

तुम्ही कधी आलात, तर चेहरा पाडून, चवड्यांवर हळूच चालत येऊ नका. भागीचं नाव घ्या आणि जोरात पाय ठेवा. मोडले तर मोडले.