पुरेसा उंच

मी एक जपानी स्पोर्ट्‌स कार बोलतेय. ‘स्पोर्ट्‌स’ म्हणताना जरा संकोच वाटतो. आजच्या सकाळपर्यंत गेली नऊ वर्षं मी चार हातांपलीकडे गेले नव्हते. तेव्हा माझं बोलणं कितपत मनावर घ्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

जन्म १९८५ चा, जपानमधला. दोनच आसनं, लाल रंग, पापण्यांसारखे उघडमीट करणारे दिवे, आणि पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. माझे मालक डॉ. श्यामसुंदर आठल्ये तिथे धातूंवर संशोधन करत होते. १९९२ साली परतताना त्यांनी मला बोटीने बरोबर आणलं. बंदरावरच्या कारकुनाने विचारलं होतं, “घरात माणसं किती?”

“मुलगा धरून तिघं.”

“मग दोघांची गाडी का घेतली?”

डॉक्टर पुढच्या कागदावर सही करू लागले. याचं उत्तर मलाही अजून सुचलेलं नाही.

सुरुवातीचे दिवस मात्र छान गेले. पुण्यात तेव्हा परदेशी गाडीचं अप्रूप होतं. डॉक्टर बुधवार पेठेत रेडिओचे सुटे भाग घ्यायला उतरत, तेवढ्यात सायकली टेकवून लोक माझ्याभोवती गोळा होत. डॉक्टरांच्या पत्नी आनंदीबाई आत बसलेल्या असत. काच खाली करून म्हणत, “बघा, बघा. मलाही आजवर बघायलाच मिळालीय, चालवायला नाही.”

पुढे शहराला घाई झाली. कंपन्यांच्या बसगाड्या आल्या, संगणकावर काम करणारी मुलं आली. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्यांतले चौघे भाड्याने राहू लागले. त्यांच्या मोटारसायकली फाटकातून सुसाट आत शिरत. एकदा अंग चोरताना डॉक्टरांच्या हातातली दुधाची पिशवी पडून फुटली. त्याच दुपारी ते माझ्यात येऊन बसले आणि मांडीवर वही ठेवून त्यांनी सोसायटीला अर्ज लिहिला: ‘फाटकात गतिरोधक घालावा. तो पुरेसा उंच असावा, जेणेकरून कोणीही वेगाने जाऊ शकणार नाही.’

‘पुरेसा’ म्हणजे किती, हे एवढ्या मोठ्या संशोधकाने लिहिलं नाही. आणि ‘कोणीही’मध्ये मी येते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गवंड्याने आपल्या मताने पुरेसा घातला.

त्या रविवारी दोघं फिरायला निघाले. पुढची चाकं पार झाली आणि माझं पोट टेकलं. कर्र.

“मी उतरते,” आनंदीबाई म्हणाल्या. “वजन कमी होईल. तुम्ही पुढे घ्या.”

“भर फाटकात तू उतरणार? लोक बघताहेत.”

“मला नाही बघत. तुमचा अर्ज बघताहेत.”

डॉक्टरांनी मला मागे घेतलं.

तेव्हापासून मी पार्किंगच्या तिसऱ्या खांबामागे. हेळसांड झाली असं म्हणवत नाही. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसणं, रविवारी इंजिन सुरू करून चार हात पुढे, चार हात मागे. दसऱ्याला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडण्यापुरता माझा वर्षाचा प्रवास. येणारे-जाणारे म्हणायचे, “काय ठेवलीय गाडी!” खरंच होतं ते. ठेवलीच होती.

गतिरोधक कमी करा, असा अर्ज त्यांना करता आला असता. तो लिहिलाही त्यांनी. माझ्या पुढच्या कप्प्यात सात मसुदे आहेत. ‘कमी करावा’ खोडून ‘कमी करण्याचा विचार व्हावा’, तेही खोडून ‘विचार होऊ शकेल काय’. एकही कप्प्याबाहेर पडला नाही. आपल्याच अर्जाविरुद्ध अर्ज कोणत्या तोंडाने द्यायचा?

यंदा त्यांचे डोळे अधू झाले, लायसन्सही संपलं. मुलगा अवधूत अमेरिकेतून फोनवर म्हणाला, “बाबा, दसऱ्यापर्यंत गेली तर ठीक, नाहीतर भंगारात देऊन टाका.” भंगारवाला येऊन बघूनही गेला. “बाहेर काढायची कटकटच नको साहेब. हितंच कापतो.”

हे मी ऐकलं. डॉक्टरांचा चेहराही बघितला. संध्याकाळी त्यांनी माझ्या काचेवर पाटी लावली: ‘गाडी विकणे आहे. चालवून बघायला मिळणार नाही. कारण विचारू नये.’

गिऱ्हाइकं आली, त्यांनी कारण विचारलं आणि ती गेली.

दसरा परवावर आला. आज सकाळी वाघोलीहून मैत्री नावाची एक मुलगी मला बघायला आली. ती संगणक कंपनीत आहे. वडिलांचं गॅरेज, त्यामुळे हात लहानपणापासून काळे. तिने पाटी वाचली, माझ्या पोटाखाली वाकून बघितलं आणि सरळ फाटकात जाऊन उकिडवी बसली.

“काका, कारण हेच ना? कुणी घालायला सांगितला हा एवढा? काही शिकला-बिकला होता का तो?”

“पीएच.डी. होता,” गॅलरीतून आनंदीबाई म्हणाल्या.

मैत्रीने जीभ चावली. मग हात पुढे केला. “किल्ली द्या काका. तुम्ही शेजारी बसा.”

डॉक्टर पहिल्यांदाच माझ्या डाव्या आसनावर बसले. तिने मला तिरकं घेतलं. पुढची चाकं चढली, उतरली. आणि पोट टेकलं. कर्र. तोच आवाज.

“थोडक्यात अडतंय. एक जण उतरला तर निघेल,” मैत्री म्हणाली. “नाहीतर मागे घेते.”

डॉक्टरांचा हात दाराच्या कडीवर गेला, मांडीवर परत आला, पुन्हा गेला. मागून एक मोटारसायकल हॉर्न वाजवत होती. त्यांनी मान वळवून गॅलरीकडे बघितलं.

“मी उतरतो,” ते म्हणाले. “वजन कमी होईल.”

ते उतरले आणि मी बोटभर वर आले. एक बोट. नऊ वर्षं मी एवढ्यासाठी अडले होते.

आता मी रस्त्यावर उभी आहे. पाठीवर ऊन आहे, पोटावर नवा ओरखडा आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही, याचंच नवल वाटतंय. मैत्रीने पाटी काढून कप्प्यातल्या सात कागदांवर ठेवली. डावं दार उघडून ती म्हणतेय, “या काका, एक चक्कर मारू. कागदपत्रं मग.”

डॉक्टर गतिरोधकाच्या आतच उभे आहेत, हातात ते मऊ फडकं घेऊन.

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही जवळपास असाल तर एवढं सांगा त्यांना: डॉक्टरसाहेब, गतिरोधक चाकांसाठी असतो. तुम्ही पायी आहात.