काड्यांची दुसरी जोडी

बहराच्या दिवसांत आमच्याकडची ती एका डब्याची गाडी भरून जाते. एरवी तिच्यात शाळेची चार मुलं आणि दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या असतात. एप्रिलच्या शेवटी मात्र तोक्योहून, सेन्दाईहून माणसं येतात आणि कॅमेरे घेऊन नदीच्या बाजूच्या खिडक्यांना चिकटतात. मी डोंगराच्या बाजूला बसले होते. शेजारच्या जागेवर माझी कापडी पिशवी होती. आइझू-वाकामात्सु सुटल्यावर एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "पिशवी वर ठेवता का? म्हणजे मला टेकता येईल."

मी पिशवी मांडीवर घेतली. त्या बसल्या, आभार मानले आणि पिशवीकडे बघत म्हणाल्या, "जड दिसतेय. डबा वाटतं? छान. झाडाखाली घरचंच खावं."

मी हो म्हटलं. पिशवीत माझी आई होती.

दहनानंतर अस्थी उचलायच्या त्या दोघांनी मिळून. दोघांच्या हातात काड्यांची एकेक जोडी असते. एकाने उचललेलं हाड दुसऱ्याने आपल्या काड्यांनी धरायचं आणि मग ते कलशात ठेवायचं. म्हणूनच जेवताना एकाच्या काड्यांतून दुसऱ्याने काड्यांनी घास घेतला, तर आमच्याकडे पोराच्या हातावर फटका बसतो. आईच्या वेळी माझ्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं. दाहगृहातला माणूस थोडा थांबला, त्याने दाराकडे बघितलं, आणि मग दुसरी जोडी त्यानेच उचलली. पायांपासून सुरुवात केली, म्हणजे कलशात माणूस उलटं उभं राहत नाही. त्याचा हात फार सवयीचा होता. माझा नव्हता. पण शेवटी गळ्याचं हाड ठेवेपर्यंत माझाही झाला.

वडील मी कॉलेजात असताना गेले. ते कोनुमाला त्यांच्या घराण्याच्या थडग्यात आहेत, गावाच्या वर, म्हाताऱ्या चेरीच्या शेजारी. त्यानंतर आजी अंथरुणाला खिळली. तिचं सगळं धाकट्या सुनेने, म्हणजे आईने करायचं, असं मोठ्या काकांनी, म्हणजे कानेयोशींनी ठरवून टाकलं. आईला कुणी विचारलं नाही. आईने वर्षभर केलं. मग एक दिवस नगरपालिकेत जाऊन सासरशी नातं संपवल्याचं रीतसर कळवलं, माहेरचं आडनाव परत घेतलं आणि मला घेऊन कोरियामाला आली. कायद्याने हे करता येतं. कोनुमात मात्र तोवर कुणी केलं नव्हतं. आजीचं मग मोठ्या काकूने केलं, आजी मरेपर्यंत. कानेयोशी काकांनी त्या दिवसापासून आईचं नाव तोंडातून काढलं नाही.

आणि शेवटच्या आठवड्यात आई मला म्हणाली, "मला त्याच्याजवळ ठेव." बस, इतकंच. काकांना काय सांगायचं, ते मानतील कसे, यावर एक शब्द नाही. ती नेहमीच अवघड कामं अशी चार शब्दांत सांगायची.

आई गेली त्या रात्रीच मी फोन केला होता. काकांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग मी बहराचा दिवस निवडला. त्या दिवशी सगळी वाडी झाडाखाली ताडपत्री टाकून बसते, आणि ज्याचं माणूस वर थडग्यात आहे त्याला तिथे बसायला कुणी ना म्हणत नाही. माझे वडील वर होते. चारचौघांत, दोन पेले पोटात गेल्यावर विचारावं, असा माझा हिशोब होता.

झाड पूर्ण फुललं होतं. त्याच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात. खालून बांबूचे टेकू दिलेले आहेत. पलीकडे दोरी बांधून पाहुण्यांना लांब ठेवलं होतं आणि ते दोरीला टेकून फोटो काढत होते. त्यांच्या फोटोत थडगी येऊ नयेत म्हणून ते खाली वाकत होते. मागे डोंगरावर अजून बर्फ होता.

मला बघून बोलणं थांबलं. मग तोकुजीसान सरकले. ते वाडीतले सगळ्यात म्हातारे, त्यांना एक कान नाही. "ये, ये. शूझोची पोर ना? बापासारखीच उशिरा येतेस. तो स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा आला होता."

काहीजण हसले. काका हसले नाहीत. पण त्यांनी पेला भरून माझ्यापुढे सरकवला, म्हणजे बसायला हरकत नव्हती. मी पिशवी माझ्या आणि काकूच्या मध्ये ठेवली. हात्सुए, म्हणजे मोठी काकू, तेव्हा सत्तरीची होती. मागच्या वेळी बघितली त्यापेक्षा खूप बारीक झाली होती, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. तिने पिशवीकडे बघितलं आणि तिच्याभोवतीची ताडपत्री हाताने सपाट केली, कुणी मोठं माणूस बसणार असलं की करतात तशी.

डबे उघडले. भाताचे मुटके, कोवळे बांबू, मिरीच्या पानात मुरवलेला हेरिंग मासा. काकांनी तिसरा पेला घेतला तेव्हा त्यांचे कान लाल झाले आणि ते तोकुजीसानशी पाण्याच्या पाटावरून भांडायला लागले, म्हणजे त्यांची स्वारी खुशीत होती. मी मनात वाक्य जुळवत होते. काका, एक विनंती आहे. काका, आईची शेवटची इच्छा. प्रत्येक वाक्य फोनवरच्यासारखंच होतं.

तेवढ्यात काकूने हेरिंगचा एक तुकडा काड्यांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला. बशीत ठेवला नाही. धरून राहिली. आणि मी माझ्या काड्या पुढे केल्या आणि तो तिच्या काड्यांतून घेतला.

हे सगळं इतकं सहज झालं की मला कळलं ते समोरच्या शांततेवरून. दोन जोड्या अजून एकमेकींना लागलेल्या होत्या. माझ्या हाताला काही आठवड्यांपूर्वी एकच काम शिकवलं गेलं होतं आणि त्याने ते केलं. तोकुजीसाननी मान खाली घातली. कुणीतरी जीभ चावली.

काकांनी पेला खाली ठेवला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "त्या पिशवीत काय आहे ते मला माहितीये. तू आलीस तेव्हाच कळलं."

"काका, मला फक्त..."

"शूझोच्या दगडाखाली जागा आहे. तुझ्यासाठीसुद्धा आहे, तुझं लग्न झालं नाही तर. तिच्यासाठी नाही. ती इथून स्वतःच्या पायांनी गेली. तिला कुणी हाकललं नव्हतं."

मी म्हटलं, तिने एक वर्ष केलं होतं. ते म्हणाले, हिने नऊ वर्षं केलं, आणि काकूकडे बोट दाखवलं. काकू त्या बोटाकडे बघत नव्हती. तिने तो हेरिंगचा तुकडा माझ्या बशीतून उचलून स्वतः खाल्ला.

विचारायचं ते विचारून झालं होतं, तेही मी न विचारताच. मी उठले. दोरीपलीकडून एका पाहुण्याने विचारलं, फांद्यांच्या आत जाऊन एक फोटो काढला तर चालेल का. मी म्हटलं, मला विचारू नका, मी इथली नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशन म्हणजे एक खोली आणि एक बाक. मी बसले होते तेवढ्यात काकू आली. छातीशी हात धरून चढण उतरली होती आणि बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. मी पाणी दिलं. ते तिने हातात धरलं, प्यायली नाही.

मी म्हणून टाकलं, "तुम्ही तसं धरलं नसतं तर ते कदाचित हो म्हणाले असते."

"तो?" काकू म्हणाली. "तो म्हणाला असता, बघू. आणि दहा वर्षं तुला बघू म्हणत इथे यायला लावलं असतं. त्याच्या आईला त्याने असंच दवाखाना बघू म्हणत ठेवलं." मग थोड्या वेळाने, "मुद्दाम धरलं का ते मला माहीत नाही. खाली ठेवावंसं वाटलं नाही. मी यायला निघाले होते गं कोरियामाला, दहनाला. काळे कपडे घालून दारात उभी होते. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती."

मला दाहगृहातला तो माणूस आठवला, दाराकडे बघणारा. मी तिला ते सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

तिने विचारलं, आई दर वर्षी इथे यायची ते मला ठाऊक होतं का. मला ठाऊक नव्हतं. बहराच्या आधी, गावात पाहुणे नसताना, पहिल्या गाडीने यायची आणि दगडापुढे एक संत्रं ठेवून जायची. काकू ते काका वर जायच्या आत खाऊन टाकायची. "आंबट असायचं," काकू म्हणाली. "स्वस्तातलं आणायची. एकदाही गोड नाही निघालं. ती गेली तेव्हा मी तिला शिव्या घातल्या होत्या, रोज, त्या म्हातारीचं ढुंगण धुताना. नंतर नंतर संत्र्याची वाट बघायला लागले."

मग तिने बाहीतून जेवणाच्या डब्यातल्या दोन नव्या काड्यांच्या जोड्या काढल्या. कागदात होत्या. म्हणाली, "उघड."

मी काय ते समजले, पण हलले नाही.

"माझ्या पोटात गाठ आहे," ती म्हणाली. "यकृतापर्यंत गेलंय. पुढचा बहर मी बघायची नाही. डॉक्टर तसं म्हणत नाही, पण आता बोलताना माझ्याकडे बघत नाही. मी मेले की त्याच दगडाखाली जाणार, त्याला कानेयोशी ना म्हणू शकत नाही. मी माझ्याबरोबर एक तुकडा नेला तर कोण बघतंय? माझ्याबरोबर जळेल. नंतर हाड कुणाचं ते कोण ओळखणार."

"आणि बाकीची आई?"

"बाकीचं मला उचलणार नाही," काकू म्हणाली. "एवढंच जमेल."

मी कलशाचं झाकण काढलं. सगळ्यात वर गळ्याचं हाड होतं, मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखं दिसतं ते. काकूने मान हलवली, ते तुझ्याकडे राहू दे. मी बोटाचं एक छोटं हाड उचललं. तिने ते माझ्या काड्यांतून आपल्या काड्यांनी घेतलं. मी लगेच सोडलं नाही, आणि काही क्षण ते हाड दोघींच्या काड्यांत होतं. मग तिने ते कागदात गुंडाळून गळ्यातल्या, देवळातून आणलेल्या ताईतात सरकवलं. गाडी आली. उतरणाऱ्या लोकांनी आम्हाला वाट विचारली आणि काकूने हात करून दाखवली, वर, झाड कुठे आहे ते.

काका मला फोन करतील असं वाटलं नव्हतं. जानेवारीत केला. हात्सुए गेली, म्हणाले. त्यांना मूलबाळ नाही. "तिने सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या काड्या तुझ्या हातात द्यायच्या." मग म्हणाले, "माझी मर्जी असो नसो."

दाहगृह बर्फात अर्धं बुडालं होतं. काका आणि मी समोरासमोर उभे राहिलो. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, की ती म्हणाली तसा ताईत तिच्या हातात दिला होता, सुटू नये म्हणून दोरा मनगटाला गुंडाळला. त्यांनी स्वतः गुंडाळला होता.

हाडं फार नव्हती. आजाराने ती ठिसूळ झाली होती, काड्यांत धरली की तुटायची. काका सावकाश उचलत होते आणि माझ्याकडे देत होते. त्यांचा हात स्थिर होता. मी प्रत्येक तुकड्याकडे बघत होते आणि काही ओळखू येत नव्हतं. गळ्याचं हाड ठेवून झालं तेव्हा तिथला नोकर म्हणाला, उरलेली भुकटी आम्ही बघतो.

"नको," काका म्हणाले. "ती पण द्या. काही मागे राहायला नको."

त्यांनी त्याच्या हातातून छोटा ब्रश घेतला आणि कोपऱ्याकोपऱ्यातून सगळं गोळा केलं. मी कलश धरला होता. मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ते सगळं परत बाहेर काढलं असतं, एकेक कण.

गाडी त्यांना चालवायची होती, म्हणून कलश माझ्या मांडीवर दिला. तो अजून गरम होता. रस्ता चेरीच्या खालून जातो. फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून त्यांना दोर बांधले होते आणि थडग्यांचे फक्त माथे दिसत होते. बर्फ वितळल्याशिवाय दगड हलवता येत नाही.

काकांनी गाडी हळू केली. "मार्चअखेर ठेवू," ते म्हणाले. "बहर यायच्या आत ये. नंतर गर्दी होते."

मी येईन म्हटलं. आईचा कलश कोरियामात माझ्या खिडकीशी आहे. तो मी आणणार नव्हते.