पट्टीखाली उतरलेले कुंचे

खाटेखाली आणखी कुंचे सरकवताना म्हाताऱ्याचे गुडघे करकरले, पण कुंचे काही आत जाईनात. खाटेखाली जागाच उरली नव्हती. शेवटी त्याने ते कपाटामागे उभे केले आणि वर जुनी चादर टाकली.

खोलीपुढचं रंगाचं आणि खिळ्यामोळ्यांचं दुकान आता त्याची सून चालवत होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा चांगलं चालवत होती. त्याच्या काळी माल अंदाजपंचे यायचा. हवं ते संपलेलं आणि नको ते पोत्यानं पडलेलं. सुनेनं प्रत्येक फळीमागच्या भिंतीवर लाल पट्टी चिकटवली. माल पट्टीखाली उतरला की नवा मागवायचा, भराभर उतरला तर जास्त मागवायचा, आणि अख्ख्या मोसमात उतरलाच नाही तर कायमचा बंद.

हाताने बांधलेले कुंचे जागचे हलेनात. भिंतींवर आता रोलर फिरतात, कुंचा घेतो कोण? पण ते बांधणारा कुंचेवाला म्हाताऱ्याचा तरुणपणापासूनचा सोबती, आणि या दुकानाखेरीज त्याला दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. सुनेपाशी शब्द टाकायची म्हाताऱ्याला लाज वाटली. दुकान सोपवताना 'आता मी मध्ये तोंड घालणार नाही' असं तोच मोठ्या ऐटीत म्हणाला होता. मग त्याने आपल्या न्हाव्याला पैसे देऊन दुकानातून कुंचे विकत आणायला धाडलं. नंतर न्हाव्याच्या मेव्हण्याला.

कुंचे पट्टीखाली उतरले. सून नियमाची पक्की. तिने जास्त मागवले. जास्त आले म्हणून म्हाताऱ्याला आणखी माणसं धाडावी लागली, आणि तिने त्याहून जास्त मागवले.

"काका, एवढ्यात सगळं गाव रंगवून होईल," न्हावी म्हणायचा. म्हाताऱ्याला गंमत वाटायची.

बाहेरून हाक आली. म्हातारा दुकानात गेला. कुंचेवाला स्वतः माल घेऊन आला होता, आणि त्याचा मुलगा गठ्ठे उतरवत होता.

"शेठ, याला कारखान्यातली नोकरी सोडायला लावली," कुंचेवाला म्हणाला. "म्हटलं, आपल्या कामाला पुन्हा चांगले दिवस आलेत, घरी ये. मला एकट्याला उरकेना हो."

"बरं केलंस," एवढंच म्हातारा कसंबसं बोलला आणि खोलीत परतला.

पाठोपाठ सून आली, दोन्ही हातांत कुंचे घेऊन.

"बाबा, दुकानात जागा नाही. थोडे तुमच्या खाटेखाली ठेवू का?"

तो नको म्हणेपर्यंत ती वाकली होती. खाटेखाली आपल्याच दुकानातले कुंचे ठासून भरलेले तिला दिसले. मग हातातले कुंचे खाली ठेवून तिथेच जमिनीवर बसली.

"मला सांगायचं ना, बाबा. कुंचेवाल्या काकांसाठी ठेवले असते मी थोडे."

"तुझा नियम होता."

"माझाच होता ना? मीच मोडला असता."

हे म्हाताऱ्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. आपण तिला इतकं कमी ओळखलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"ताई," बाहेरून कुंचेवाल्याच्या मुलाने विचारलं, "पुढच्या खेपेला किती आणू?"

सून उठू लागली. म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बस," तो म्हणाला. "हे मलाच सांगू दे."