मिस्त्रीणबाईंचं शेवटचं चाक

सायकलचं चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की मिस्त्री लोक म्हणतात, चाकाला आऊट आहे. आमच्या या गोष्टीतल्या मिस्त्रींना तसलं चाक दिसलं की राहवायचं नाही. मग ते चाक दुकानातलं असो की रस्त्यानं जाणाऱ्या परक्याचं. भर चौकात अनोळखी माणसाला थांबवून, "अहो, मागचं चाक बघा, नाचतंय," असं सांगणारा हा माणूस. पहिल्यांदा सासुरवाडीला गेले ते दारातच बसले. सासऱ्यांच्या सायकलीचा आऊट काढला आणि मगच पाण्याचा पेला हातात घेतला.

"मला वाटलं, मला भेटायला आलेत," मिस्त्रीणबाई पुढं आयुष्यभर सांगायच्या. "कुठलं काय! हे आले होते माझ्या बापाच्या सायकलीला भेटायला."

मिस्त्रीणबाई हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं, आणि उगाच दिलं नव्हतं. लग्नानंतर तीनच महिन्यांत नवऱ्याला डबा द्यायला म्हणून त्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या, आणि चाळीस वर्षं काही उठल्या नाहीत. छत्तीस आरे, मधला एक हब, बाहेरची एक रिम. हे तीन जिन्नस पुढ्यात घेऊन चाक बांधायचं त्या बघून बघून शिकल्या आणि दोन वर्षांत नवऱ्याच्या पुढं गेल्या. मिस्त्री चाक जुळवायचे डोळ्यांनी. बाई जुळवायच्या कानांनी. तंबोरा लावावा तशी एकेका आऱ्यावर नखानं टिचकी मारायची, मान कलती करून ऐकायचं, पान्यानं पाव फेरा पिळायचा, पुन्हा टिचकी. तोंडानं देवाचं गाणं चालूच. छत्तीसच्या छत्तीस आरे एका सुरात बोलायला लागले की गाणं थांबायचं. मिस्त्रींना वर न बघताच कळायचं, चाक झालं.

किती सुखाचे दिवस होते ते! दुकान म्हणजे दहा पावलांची खोली. ग्रीसचा वास, भिंतीवर टायरांच्या माळा, मधोमध दोन स्टुलं. भांडणं व्हायची ती पान्यावरून. पाना दोघांत एकच चांगला होता.

मग बाईंना कर्करोग झाला. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "बरं होणार नाही. पण एक नवं औषध आलंय. गेल्या वर्षीपर्यंत ते नव्हतं. कुणीकुणी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत बसून, लोकांच्या देणग्यांवर, हे शोधून काढलंय. थोडे महिने देईल."

त्या औषधानं चौदा महिने दिले. देवानं दिले म्हणा, नाहीतर त्या न पाहिलेल्या माणसांनी दिले म्हणा. मिस्त्री दोघांचेही आभार मानायचे. चौदा महिने म्हणजे बाईंच्या हिशेबानं पावणेतीनशे चाकं. घरी पडून राहणं त्यांना मंजूरच नव्हतं. पण औषधानं बोटांची टोकं बधिर झाली. पाना नीट धरवेना. बांधलेली चाकं डुलायला लागली.

आणि इथं मिस्त्रींनी एक गोष्ट केली, जी त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. रोज पहाटे, बाई उठायच्या आत, ते दुकानात जाऊन आदल्या दिवशीच्या चाकाचा आऊट काढायचे आणि चाक होतं तिथं परत ठेवून द्यायचे. उजाडल्यावर बाई यायच्या, चाक फिरवून बघायच्या. "बघा, अजून जमतंय मला." मिस्त्री म्हणायचे, "न जमायला काय झालं?"

शेवटचं चाक तेवढं वेगळं. ते बांधून झालं त्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, "हे विकायचं नाही. हे असंच टांगा वर. माझं आहे." मिस्त्रींनी बाईंच्या देखत ते खुंटीला टांगलं. पुढल्या आठवड्यात बाई गेल्या. चाक सहा वर्षं तिथंच होतं. थोडं वाकडं, आणि कुणाचा हात न लागलेलं.

यंदा त्यांची लेक म्हणाली, "बाबा, ते चाक मला हवंय."

लेक ग्रंथालयात कामाला. चाळिशी ओलांडलेली, आईसारखीच हट्टी. कर्करोगावरच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करायला गावात सायकलफेरी निघणार होती. मैदानापासून तलावाला वळसा घालून परत, नव्वद किलोमीटर. लेकीनं नाव दिलं होतं. ग्रंथालयाच्या फळ्यावर तिनं कागद लावला होता, 'माझ्या आईनं आपल्या हातांनी बांधलेल्या शेवटच्या चाकावर मी ही फेरी करणार आहे.' तो कागद वाचून, बाईंनी कधी ना कधी ज्यांची चाकं बांधली होती अशा निम्म्या गावानं देणगी लिहिली.

शुक्रवारी दुपारी मिस्त्रींनी चाक खाली काढलं. धूळ पुसायची, हबमध्ये ताजं ग्रीस भरायचं, एवढंच काम. पुसून झालं, ग्रीस भरून झालं. मग चाक जुळवायच्या स्टँडवर चढवलं आणि सहज फिरवलं.

आता बघा, माणसाचं मन कुठं असतं आणि हात कुठं. मिस्त्रींचं मन गेलं मागं. लेक चार वर्षांची असताना रिकाम्या रिममधून इकडून तिकडं उड्या मारायची ते दिसलं. बाई तिला ओरडायच्या आणि मग हळूच स्वतःच तोल सावरत रिममधून पाय घालायच्या ते दिसलं. एकदा पाना सापडेना म्हणून दोघं दिवसभर अबोला धरून बसले, आणि संध्याकाळी तो मिस्त्रींच्याच कानामागं निघाला. "पेन्सिल समजलात होय?" म्हणून बाई इतक्या हसल्या की स्टुलावरून घसरून खाली बसल्या. मिस्त्री एकटेच हसले. आणि हसताहसता त्यांचं लक्ष समोर गेलं.

चाक फिरत होतं. सरळ. दोऱ्यात ओवल्यासारखं सरळ, जराही न डुलता.

पाना त्यांच्या हातात होता.

 जन्मभर जे केलं तेच हातांनी केलं होतं, मालकाला न विचारता. सहा वर्षं जपलेलं बाईंच्या हातचं काम पाच मिनिटांत पुसून टाकलं होतं.

त्यांनी चाक पुन्हा वाकडं करून बघितलं. तुम्ही म्हणाल, वाकडं करायला काय अक्कल लागते? मिस्त्रींना विचारा. इकडचे दोन आरे ढिले केले, तिकडचा एक आवळला. चाक डुललं खरं, पण ते बाईंचं डुलणं नव्हतं. मिस्त्रींनी मुद्दाम केलेली खोडी होती ती. पुन्हा करायला गेले तर हात चाक सरळ करूनच थांबले. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी पाना आपटला आणि डोकं धरून बसले.

न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? लेकीला चाकातलं काही कळत नव्हतं. गाव तर नुसतं कागद वाचणार. चाक चांगलंच झालं होतं. पण फळ्यावर 'आईनं आपल्या हातांनी' असं लिहिलं होतं, आणि त्या शब्दांवर लोकांनी पैसे दिले होते. शुक्रवारी मिस्त्रींना जेवण गेलं नाही. प्रार्थनेला बसले तर देवासमोर तोंड वर करवेना.

शनिवारी दुपारी लेक डबा घेऊन आली. "काय झालंय? तोंड का असं? ब्रेकची तार तुटल्यासारखं?"

"बस पोरी. जरा बोलायचंय."

"चाक फुटलं?"

"फुटलं असतं तर बरं झालं असतं. मी सरळ केलं."

लेकीला आधी कळेचना. "मग चांगलंच झालं की!"

"नाही गं. तुझ्या आईनं बांधलेलं जसंच्या तसं ठेवायचं होतं. आता ते तिच्या हातचं राहिलं नाही. माझ्या हातचं झालं." आणि मग बांध फुटावा तसं सगळंच बाहेर आलं. पहाटेचं, पावणेतीनशे चाकांचं. "त्या चौदा महिन्यांत तिचं एकही चाक मी तिच्या हातचं ठेवलं नाही. तिला कधी कळू दिलं नाही. हे एकच राहिलं होतं, तेही..."

लेकीनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "कळू दिलं नाही? बाबा, आईला?"

"हो. ती झोपलेली असायची."

"आई घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगायची, गल्लीत कुणाची सायकल आली ते. आऱ्याला टिचकी मारून सांगायची, हा बाबांनी आवळलाय की मी. आणि रोज सकाळी ती चाक हातात घ्यायची तेव्हा तिला कळत नव्हतं?"

मिस्त्रींनी स्टँडवरच्या चाकाकडे बघितलं. रोज सकाळी बाई चाक फिरवून बघायच्या हे त्यांना आठवलं. पण नखानं टिचकी? त्या चौदा महिन्यांत ती मारल्याचं काही केल्या आठवेना. टिचकी मारायचीच टाळली होती तिनं, कळल्याचं दिसू नये म्हणून. आणि शेवटचं तेवढं 'हे असंच टांगा' म्हणून बजावलं होतं, म्हणजे याचा तरी आऊट काढू नका. 'विकायचं नाही' एवढाच त्याचा अर्थ यांनी घेतला होता. त्यांचे डोळे भरून आले. "सहा वर्षं लागली बघ मला," ते म्हणाले. "अशी बायको आणि असला नवरा."

लेकीनंही डोळे पुसले. मग उठली आणि चाक स्टँडवरून उतरवलं. "पाना द्या."

"कशाला?"

"सगळे आरे सोडवते. पुन्हा बांधते. मी."

"तू? अगं, तुला साधं पंक्चर काढता येत नाही!"

"तुम्ही सांगा, मी करते. आरे आईचे, हब आईचा, रिम आईची. हात माझे. तुम्ही हातावर बसायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच बसायचं. स्टुलावर, हात खाली. सुटले हात की माझं बांधणं बंद."

त्या दुपारी गल्लीतल्या लोकांनी एक अजब दृश्य बघितलं. मिस्त्री आपलेच दोन्ही हात बुडाखाली दाबून बसलेत, आणि लेक जमिनीवर मांडी घालून आऱ्यांशी झुंजतेय. "तिसरा सोड, चौथा घाल... अगं वरून नव्हे, खालून! खालून! देवा रे!"

"ओरडू नका. आई ओरडायची का?"

"आई शिकवायला बसली होती तेव्हा तू पुस्तक घेऊन पळून गेलीस!"

"म्हणून तर आज बसलेय."

मिस्त्रींनी हनुवटीनं पुढचा आरा दाखवला.

पाच वाजता चाक उभं राहिलं. लेकीनं फिरवलं. बाईंचं चाक डुलायचं, हे तर पार झिंगलं होतं. मिस्त्रींचा उजवा हात बाहेर येऊ लागला. लेकीनं नुसतं बघितलं. हात पुन्हा आत गेला.

"धोका आहे का?" तिनं विचारलं.

मिस्त्रींनी परवानगी मागून, एकाच बोटानं, एकेक आरा दाबून बघितला. "ताण पुरेसा आहे. धोका काही नाही. लाज तेवढी वाटेल."

"कुणाला?"

"मला! दुसऱ्या कुणाला?"

लेकीनं त्याच संध्याकाळी ग्रंथालयातला कागद बदलला. 'चाक आईचं आहे, पण काल ते बाबांनी सरळ केलं, आणि आज मी ते पुन्हा बांधलं आहे. ज्यांना देणगी मागं घ्यायची असेल त्यांनी सांगावं.' कुणी मागं घेतली नाही. फक्त शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका येऊन, चष्मा चढवून वाचून गेल्या, आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'चूक कबूल केल्याबद्दल पूर्ण गुण.' देणगीचा आकडाही त्यांनी खोडून वाढवला.

रविवारी सकाळी मैदानावर चारशे सायकली. धुकं नुकतं उठत होतं. निघण्याआधी एक तरुण कारागीर प्रत्येक सायकल तपासत फिरत होता. त्यानं लेकीचं पुढचं चाक उचलून फिरवलं. रिम दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला टेकत होती. सर्र... सर्र... त्यानं लगेच खिशातून पाना काढला. "ताई, आऊट आहे. मिनिटभर थांबा, काढून देतो." आणि मग त्याचं लक्ष शेजारी उभ्या मिस्त्रींकडे गेलं. "अहो मिस्त्रीकाका! तुमच्या घरचं चाक, आणि असलं?"

भोवतालची पाचपन्नास माणसं वळून बघायला लागली. मिस्त्रींचा चेहरा लालबुंद झाला. जन्मभराची अब्रू होती, आणि एका मिनिटाचं काम होतं.  लेकीनं बापाकडे बघितलंही नाही, हेल्मेटचा पट्टा घालत राहिली.

"राहू दे रे," मिस्त्री म्हणाले. "पोरीनं बांधलंय. पहिलंच आहे."

"अहो, पण नव्वद किलोमीटर..."

"जाईल. आण तो पाना इकडं."

लेकीनं झटकन मान वर केली. पण मिस्त्री तिच्या सायकलीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. पाना घेऊन ते सरळ पलीकडल्या रांगेत गेले. तिथं एका वयस्कर परिचारिकेच्या मागच्या चाकाला बारीकसा आऊट होता. "बाई, उतरा जरा. हे तुमचं नाचतंय." मग तिच्या शेजारचं. मग त्याच्या पुढचं. तरुण कारागीर कपाळाला हात लावून बघत राहिला.

शिट्टी वाजली तेव्हा मिस्त्री अकराव्या चाकाशी गुडघे टेकून बसले होते. सगळ्या सायकली त्यांच्या बाजूनं सरसर पुढं गेल्या. त्या गर्दीतून सर्र... सर्र... असा एकच आवाज आला, जवळ आला, आणि पुढं निघून गेला. मिस्त्रींनी मान वर केली नाही. समोरच्या चाकाच्या आऱ्यावर नखानं टिचकी मारली, मान कलती केली, आणि जन्मात पहिल्यांदाच चाक कानानं जुळवू लागले.