रांजणावरचे तीन ठोके

आमच्या काल्कापाता गावात मका पिकत नाही. इतक्या उंचावर बटाटा पिकतो, तोही रुसतफुगत. मका हवा तर मडकी घेऊन खाली खोऱ्यात उतरायचं. भाव ठरलेला आहे: मडक्यात मावेल तेवढा मका आमचा, मडकं त्यांचं. तराजू नाही, घासाघीस नाही. मडकं फुटकं निघालं तर मात्र भेगेपर्यंतच मका मिळतो. म्हणून हातात देण्याआधी कुंभार बोटाच्या पेराने तीन ठोके मारतो आणि घेणारी बाई कान देऊन ऐकते. धड मडकं घुमतं, फुटकं खोकतं.

माझे सासरे मेलितोन यांचं मडकं चाळीस वर्षांत एकदाही खोकलं नव्हतं. मला हे पाठ आहे, कारण लग्न झाल्यापासून तीन वर्षं रोज जेवताना तेच ऐकत आले होते. तसा माणूस लोण्यासारखा मऊ, पण मडक्यांचा विषय निघाला की आवरायचा नाही.

पूर्वी जून लागला की आमच्या गावातून साठ घरं लामा, म्हणजे आमची ओझ्याची जनावरं, लादून निघत. मग कुस्को शहरातून ट्रक भरभरून ॲल्युमिनियमची पातेली येऊ लागली आणि साठाची तीन घरं उरली. माझा नवरा विल्बेरसुद्धा खाणीत कामाला गेला. त्यामुळे त्या वर्षी मामंजींबरोबर निघाले ती मी. मेंढपाळाची मुलगी, मातीत कधी हात न घातलेली.

चार लामांवर लहान मडकी होती, गाढवावर एकच मोठा रांजण. खोऱ्यातल्या लेआंद्राबाईंनी मुलीच्या लग्नासाठी, मक्याची दारू, चिचा, आंबवायला, सांगून ठेवलेला. मामंजी त्यावर तीन आठवडे खपले होते. लग्नाला सगळं खोरं येणार. रांजण बघून चार बायकांनी मडकी सांगितली तर ठीक, नाही तर भट्टी विझवायची, असं त्यांनी चुलीपाशी बसून सांगून टाकलं होतं. भट्टीशिवाय हा माणूस दिवसभर करील काय, या विचाराने मलाच धस्स झालं होतं.

आणि तो रांजण मीच फोडला.

खिंडीत गाढवाला दम लागला. मामंजी लामांबरोबर पुढे गेले होते. मला दया आली, रांजण उतरवून उतारावर टेकवला, आणि तो घसरून दगडाला लागला. आवाज एवढासा झाला, पण खांद्याखाली वीतभर भेग पडली. मी रडले, स्वतःला शिव्या घातल्या, मग शिदोरीतलं चीज कमरेच्या डबीतल्या चुन्यात मळून भेगेत भरलं आणि वरून लाल माती चोळली. दिसायला झकास झालं. मामंजींना काही बोलले नाही.

ठोक्यांचं काय, हा प्रश्न होताच. पण गेल्या वर्षापासून मामंजींना कमी ऐकू येत होतं. ते मान्य करत नसत. सगळं गाव हल्ली पुटपुटायला लागलंय, असं म्हणत.

लेआंद्राबाईंच्या अंगणात रांजण ठेवला. त्यांच्या पडवीत चकचकीत पातेली पालथी घातलेली होती. मामंजींनी तिकडे बघायचं टाळलं. त्यांनी रांजणावर डावा तळवा ठेवला आणि उजव्या हाताने तीन ठोके मारले.

रांजण खोकला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"काय लेआंद्रा, देवळातली घंटा की नाही?" मामंजी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "घंटाच मेलितोनदादा. तुमचा हात तो."

आणि काठोकाठ मका ओतला त्यांनी. प्रत्येक सुपागणिक मी भेगेकडे बघत होते. मका पोत्यात उपसून झाला, रांजण रिकामा झाला, पोत्यांची तोंडं बांधली. तेवढ्यात मामंजींनी एका पोत्याचं तोंड सोडलं आणि निम्मा मका बाईंच्या दारात परत ओतला.

"अहो, हे काय करताय?"

"भेग खांद्याखाली आहे. तिच्या वरचा मका तुझा."

"कोण म्हणतं भेग आहे? घंटेसारखा वाजला की."

"लेआंद्रा, माझे कान गेलेत, हात नाही गेले. तळव्याला कळतं." मग ते गालात हसले. "तुम्ही दोघी काय करता ते बघायचं होतं. दोघी एक नंबरच्या खोटारड्या निघालात."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि वर त्यांनाच झापलं. "म्हातारपणी बायकांची परीक्षा घेताय, लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून हा रांजण मका साठवायला ठेव. चिचेचा रांजण लग्नाआधी दुसरा आणून देतो."

मी तिथेच सगळं कबूल केलं. गाढव, उतार, चीज. वाटलं, आता घरी पाठवतील. मामंजी ऐकत होते, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत होते.

"चीज वाया घालवलंस," ते म्हणाले. "सूनबाई, माझ्यासाठी भेग लपवलीस, मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मडक्याच्या बाबतीत खोटेपणा चालायचा नाही. चल."

दुसऱ्या दिवशी पुढच्या वाडीत गेलो. पहिल्याच घरात एका बाईने स्वयंपाकाचं मडकं निवडलं आणि अंगणाच्या मध्ये आणून ठेवलं. मी मामंजींना वाट दिली. ते जागचे हलले नाहीत.

"ठोक," ते मला म्हणाले.

"मी? मामंजी, कालच तर मी..."

"कालचं माहितीये मला. ठोक."

मी वाकले. त्यांचा तळवा येईल म्हणून मडक्याची एक बाजू मोकळी सोडली. पण ते पाठ फिरवून लामांच्या दोऱ्या सोडवत बसले होते. मी तीन ठोके मारले, पुन्हा तीन मारले आणि कान लावून ऐकलं. मडकं घुमलं.

"काय गं, धड आहे ना?" बाईने मलाच विचारलं.

"धड आहे," मी म्हणाले, आणि तिने मका ओतायला सुरुवात केली.