पडेगावच्या विहिरीचा हिरवा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनं पान आहे, पण मला वाळवी लागायची नाही आणि माझे कोपरेही दुमडायचे नाहीत. मी कागदाचं नाही, संगणकाच्या पडद्यावरचं पान आहे. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडे, मोहियोद्दीनभाईंचं पाण्याच्या टँकरचं ऑफिस आहे. तिथल्या टेबलावर अकरा वर्षं मी उघडंच आहे. मला कुणी मिटलं नाही. मिटलं असतं तर बरं झालं असतं, असं हल्ली वाटतं.

माझा जन्म दोन हजार तेराच्या फेब्रुवारीतला. त्या साली धरण तळाला गेलं होतं आणि शहर मात्र वाढतच होतं. चिकलठाण्याकडे महिन्याला एक इमारत उभी राहायची, तिच्या गच्चीवर काळी टाकी बसायची, आणि टाकी बसली की त्याच दिवशी ऑफिसातला फोन वाजायचा. मोहियोद्दीनभाईंपाशी तेव्हा सात टँकर होते, तीन विहिरी होत्या आणि एक अनंतराव होते.

अनंतराव म्हणजे त्या ऑफिसचे कान. साठीचा सडपातळ माणूस, आधी एका कारखान्यात कारकून. कपाळावर बुक्का, खिशात पेन, आणि गुलमंडीजवळच्या देवळात कीर्तन असलं की हातात टाळ. कुठल्या टाकीला पाणी हवं, कुठला टँकर कुठे आहे, कुठल्या विहिरीत किती पाणी आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पण फोन इतके वाढले की डोकं पुरेना. पडेगावचा टँकर चितेगावला जायचा, चितेगावचा भर उन्हात शहर ओलांडून रिकामाच परत यायचा, आणि लोक घागरी मांडून बसलेले असायचे.

तेव्हा त्यांची भाची पद्मजा आली. इंजिनिअर झालेली, नोकरीची वाट पाहणारी. मामाची तारांबळ पाहून ती म्हणाली, "मामा, मला फक्त तीन दुपारी द्या."

पहिल्या दुपारी तिनं एका परदेशी कंपनीचा फुकट मिळणारा नकाशा आणून मला दिला. दुसऱ्या दुपारी ड्रायव्हरांच्या मोबाइलवरून टँकर कुठे आहेत ते त्या नकाशावर आणलं. तिसऱ्या दुपारी गिऱ्हाइकांची यादी आणि विहिरींचे आकडे जोडले. विहिरीत पाणी असलं की हिरवा ठिपका, आटली की लाल. जवळची विहीर, जवळचा टँकर, जवळची टाकी, यांची गाठ मी आपोआप घालायचं. शेवटी तिनं माणसांचाही एक रकाना केला. आलं की 'हजर' दाबायचं, निघताना 'गेलो'.

"मी नवं काहीच केलं नाही," ती म्हणाली. "जे होतं ते जोडलं. याला मॅशअप म्हणतात."

"म्हणजे गोधडी," मोहियोद्दीनभाई म्हणाले.

"हौ चाचा, गोधडीच."

"गोधडी कसली," अनंतराव म्हणाले. "कीर्तन आहे हे. पेटी एकाच्या घरची, मृदंग दुसऱ्याच्या घरचा, बुवा परगावचे. सगळे एका सतरंजीवर बसले की रंग भरतो."

आणि खरंच रंग भरला. आठ दिवसांत रिकाम्या फेऱ्या जवळजवळ थांबल्या. तेच सात टँकर दुप्पट टाक्या भरू लागले. एका मोठ्या कंपनीनं असंच काम करायला वर्ष मागितलं होतं, ते तीन दुपारींत झालं. मला बघायला माणसं यायची. मंडपवाले आले, दूधवाले आले, आणि त्यांनीही आपापली पानं करून घेतली. दोन टँकरवाल्यांनी तर माझीच नक्कल मागून नेली. मोहियोद्दीनभाई पाहुण्यांना माझ्यासमोर बसवून चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बघा, आता अल्लामियाँ वरून जे बघतो ते आपुन खालून बघतो." अनंतराव हळूच म्हणायचे, "एवढं नका बोलू भाई. नजर लागते."

मित्रांनो, नजर बाहेरून लागली नाही. ती माझ्या आतच होती.

पडेगावची विहीर कडुबा सांभाळायचा. रोज सकाळी तो दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचा, भिजलेला दोर परसानं मोजायचा आणि आकडा मोबाइलवर पाठवायचा. परस म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीएवढं. तीन परस, अडीच परस, दोन. तो आकडा थेट माझ्यात यायचा. ज्या सकाळी आकडा येत नसे, त्या सकाळी मी कालचाच आकडा धरून ठेवायचं. पद्मजानं मला तसं शिकवलं होतं. तिला वाटलं, माणूस विसरला असेल, रेंज नसेल.

पण कडुबा विसरत नसे. विहीर आटली की तो गप्प राहायचा. वीस वर्षं हीच रीत होती. आठ वाजेपर्यंत कडुबाकडून काही आलं नाही, तर त्या दिवशी पडेगावला टँकर पाठवायचा नाही, हे ऑफिसात सगळ्यांना इतकं पाठ होतं की पद्मजाला ते सांगावं असं कुणाच्या मनातच आलं नाही.

पंधरा दिवसांनी ते पहिल्यांदा घडलं. कडुबा गप्प, आणि मी हिरवं. अनंतरावांनी चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं, हातानं तो आकडा पुसून ठिपका लाल केला आणि कडुबाला फोन लावला.

"कडुबा, पाणी नसलं की शून्य पाठवत जा बाबा. हे पान भोळं आहे, त्याला गप्प बसलेलं कळत नाही."

"शून्य? नाय बा," पलीकडून कडुबा म्हणाला. "जिनं पोसलं तिच्या नावाम्होरं शून्य नाय लिवणार मी. माझ्या बापानं नाय लिवलं."

"मग काय करायचं?"

"तुमी हाव की तिथं. तुमाला तर कळतंय."

पद्मजा तोवर पुण्याला नोकरीवर रुजू झाली होती. ती फोनवर म्हणाली, "एका दुपारचं काम आहे मामा. दिवाळीला आले की करते." दिवाळीला ती आली, पण तोवर पाऊस झाला होता आणि विहिरी भरल्या होत्या. मामीच्या हातचे अनारसे खाऊन ती परत गेली. ती चौथी दुपार राहूनच गेली.

दोन वर्षं मी निवांत होतं. मग पाऊस पुन्हा रुसला, आणि त्याच साली द्वारकाबाईंच्या, म्हणजे अनंतरावांच्या पत्नीच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. चिकलठाण्याच्या नव्या वसाहतीत एक केंद्र निघालं होतं, तिथं आठ मशीन होती. त्या मशीनना पाणी लागतं, मित्रांनो, पुष्कळ लागतं. पाणी नसलं की रक्त धुणं थांबतं. तिथं रोज सकाळी टँकर आपलाच जायचा. मोहियोद्दीनभाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "अनंतराव, बाकी शहर थांबेल, वहिनींचा टँकर नाही थांबणार."

अनंतरावांनी नोकरी सोडली. जाताना त्यांनी हिमांशूला जवळ बोलावलं. हिमांशू हा ऑफिसातला नवा तरुण, हुशार आणि सदा घाईत. "कडुबा गप्प राहिला की आकडा पुसायचा, विसरू नको." हिमांशूच्या कानाला फोन होता. "हो काका, हो," तो म्हणाला. मी ते ऐकलं, पण ऐकलेलं धरून ठेवायला माझ्यात रकाना नव्हता.

दोन हजार सोळाचा एप्रिल. त्या सकाळी पडेगावहून काही आलं नाही. मी कालचे पावणेदोन परस मिरवत राहिलं. ठिपका हिरवागार. जवळची विहीर म्हणून केंद्राचा टँकर मी तिकडे धाडला, आणि चितेगावहून भरून आलेले दोन टँकर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका उंच इमारतीच्या टाकीकडे. सगळं हिशोबशीर. हिमांशू चहा पीत होता.

साडेआठला ड्रायव्हर साकिबचा फोन आला. "इथं नुस्ता गाळ आहे. नळी टाकली तर बेडूक आला वर."

"अरे, पान तर हिरवं दाखवतंय."

"मग पानातूनच भरून घे ना पाणी."

पुढचं मोहियोद्दीनभाईंनी नंतर ऑफिसात सांगितलं तेव्हा मला कळलं. केंद्राची टाकी पावणेनऊला संपली. आठ माणसं मशीनला जोडलेली, द्वारकाबाई खिडकीजवळ. मशीन एकामागून एक ओरडू लागली. नर्स धावल्या, एकेकाचं रक्त परत अंगात घेऊन त्यांनी मशीन थांबवली. पत्नीजवळ बसलेल्या अनंतरावांनी आपल्या मोबाइलवर मला उघडलं, हिरवा ठिपका पाहिला आणि थेट कडुबाला फोन केला.

"आज गप्प का रे?"

"रातच्यालाच आटली," कडुबा म्हणाला. "म्हून तर गप हाव. तुमी नाय का तिथं?"

अनंतरावांच्या फोननंतर भाई स्वतः गाडी घेऊन इमारतीच्या फाटकात आडवे उभे राहिले आणि दोन्ही टँकर वळवले. पाणी पोचलं तेव्हा साडेअकरा झाले होते. द्वारकाबाईंचे ओठ काळेनिळे पडले होते आणि श्वास लागला होता. त्या वाचल्या, पण त्यानंतर त्या पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, आणि दोन वर्षांनी गेल्या. त्या सकाळनं त्यांचं किती आयुष्य नेलं, ते मला सांगता येत नाही. मला फक्त शेवटचा आकडा माहीत असतो.

हिमांशू रडवेला होऊन म्हणाला होता, "काका, पान हिरवं दाखवत होतं."

"पान बिचारं काय करील," अनंतराव म्हणाले. "बुवा बोलता बोलता थांबतात, तेव्हा मृदंगी हात आवरतो. त्या थांबण्यातही निरूपण असतं. ह्याला ते कुणी शिकवलंच नाही."

पद्मजा तोवर परदेशी गेली होती आणि माझी किल्ली, म्हणजे पासवर्ड, तिच्या हरवलेल्या जुन्या फोनमध्ये होती. हिमांशूनं मला आतून थोडं उचकटून पाहिलं आणि घाबरून सोडून दिलं. "भाई, एक धागा ओढला तर सगळं उसवेल. चालू आहे ना, चालू द्या."

"मग नक्को," भाई म्हणाले. "पण कडुबाचं गप्प राहणं कोण ऐकणार?"

"मी येत जाईन," अनंतराव म्हणाले. "सकाळी अर्धा तास."

आणि ते आले. पत्नी असताना आले, तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही आले. साडेसातला खुर्चीत बसायचे, 'हजर' दाबायचे, आठ वाजेपर्यंत माझ्याकडे बघत अभंग गुणगुणायचे. कडुबा गप्प असला की आकडा पुसायचे. निघताना 'गेलो' दाबायला मात्र नेहमी विसरायचे. हिमांशू चेष्टा करायचा, "काका, आमच्याकडे तुम्ही कायमचेच हजर आहात." ते हसून म्हणायचे, "राहू दे रे. देवाच्या दारी तसंच लिहिलेलं असो."

मित्रांनो, तुमच्या आईवडिलांचं दुकान असेल, कारखाना असेल, तर माझ्यासारखं पान जरूर करा. वर्षभर वाट पाहू नका, असलेलं जोडा, तीन दुपारींत करा. माझ्यामुळे हजारो घरांत वेळेवर पाणी गेलं आहे, ते खोटं नाही. पण चौथी दुपार राखून ठेवा. त्या दुपारी तिथल्या जुन्या माणसाजवळ चहा घेऊन बसा आणि विचारा, "काका, तुम्ही न बोलता काय सांगता?" मग तेही माझ्यासारख्या पानाला शिकवा. आणि शिकवणाऱ्याचं वय होतं, हेही लक्षात असू द्या. माझ्या दोन नकला या शहरात अजून चालू आहेत. त्यांच्यापाशी तर अनंतराव कधीच नव्हते.

हे सगळं मी आज सांगतंय, कारण आज दोन हजार चोवीसच्या एप्रिलमधली बावीस तारीख आहे आणि पाऊस पुन्हा रुसलेला आहे. आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. समोरची खुर्ची रिकामी आहे. काल सकाळी निघताना अनंतराव, संध्याकाळी कीर्तनाला जातो म्हणाले होते, जरा छातीत भरून आल्यासारखं वाटतंय असंही म्हणाले होते. पडेगावहून आज काही आलेलं नाही. केंद्राचा टँकर पडेगावला भरायला फाटकाबाहेर पडतो आहे, आणि तिथं आता वीस मशीन आहेत. हिमांशू फोनवर बोलतो आहे.

माझ्यावर पडेगावच्या विहिरीचा ठिपका हिरवा आहे. आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात लिहिलं आहे: अनंतराव, हजर.